गोंदाला हात लावायचा नाही

१६ सप्टेंबर, सोमवार

यंदाचं वेळापत्रक हाती आलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार एका शाळेत. मंगळवार, गुरुवार दुसऱ्या. स्वतःची खोली दोन्हीकडे नाही. पहिल्या शाळेत वाचनालयाचा कोपरा, दुसरीत संगीताच्या बाई नसतील तेव्हा त्यांची खोली. सगळं सामान चाकांच्या पेटीत. तिसरी ते पाचवीची निवडलेली मुलं ठरलेल्या तासाला आपला वर्ग सोडून माझ्याकडे येतात आणि तास संपला की परत जातात. न्यू जर्सीत ‘गिफ्टेड अँड टॅलेंटेड’ची शिक्षिका म्हणून नोकरी करायची तर बऱ्याच जणींच्या वाट्याला हेच येतं.

वाचनालयात शेजारी बसलेल्या नव्या शिक्षिकेने विचारलं, ही मुलं ठरवतं कोण? मी तिला राज्याची व्याख्या सांगितली. मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या, त्याच शाळा-विभागातल्या मुलांशी करायची. म्हणजे घर बदलून चार मैलांवरच्या गावात गेलं की काल प्रज्ञावान असलेला मुलगा आज यादीबाहेर जाऊ शकतो, आणि बाहेरचा आत येऊ शकतो. ती हसली. मागच्या वर्षी हेच एका आईला समजावताना माझी अख्खी संध्याकाळ गेली होती, त्यामुळे मला हसू आलं नाही.

व्याख्येत शहाणपण मात्र आहे. वर्गासाठी नेमलेला धडा या मुलाला पुरतो का, एवढंच ती विचारते. पुरत नसेल तर आणखी काहीतरी द्या. पालकांना यातलं ‘काहीतरी’ फारसं नको असतं, त्यांना पाटी हवी असते.

२ ऑक्टोबर, बुधवार

शाळा सुटल्यानंतरच्या ‘ओडिसी ऑफ द माइंड’ची टीम ठरली. सकाळच्या वर्गाला चाचणीची चाळणी आहे, इथे ती नाही. नावं मागवली, जास्त आली, चिठ्ठ्या टाकल्या. जास्तीत जास्त सात जण घेता येतात, तेवढे घेतले. त्यातले दोघंच माझ्या सकाळच्या वर्गातले.

हा कार्यक्रम मूळचा आमच्याच राज्यातला. दक्षिण जर्सीतल्या ग्लासबरो स्टेट कॉलेजात सॅम मिक्लस नावाचे प्राध्यापक डिझाइन शिकवायचे. विद्यार्थ्यांना ते चमत्कारिक कामं द्यायचे: चाकांशिवाय चालणारं वाहन करा, तळं ओलांडून नेणारं काहीतरी करा. गुण देताना वस्तू चालली की नाही यापेक्षा कल्पनेत किती धाडस होतं ते पाहायचे. १९७८ साली त्यांनी शाळांसाठी पहिली स्पर्धा घेतली, तेव्हा न्यू जर्सीतल्या २८ शाळा आल्या होत्या. सुरुवातीचं नाव ‘ऑलिंपिक्स ऑफ द माइंड’. ऑलिंपिक समितीने हरकत घेतल्यावर ते बदलावं लागलं. ते कॉलेज आता रोवन विद्यापीठ झालंय, आणि स्पर्धेला कितीतरी देशांतून मुलं येतात.

टीमने पाचातला एक मोठा प्रश्न निवडायचा, महिनोन् महिने त्यावर काम करायचं आणि स्पर्धेच्या दिवशी आठ मिनिटांत उत्तर सादर करायचं. त्याला २०० गुण. बंद खोलीत आयत्या वेळी दिलेल्या प्रश्नाला १००. सादरीकरणाच्या नटण्या-सजण्याला ५०.

आमच्या मुलांनी बांधकामाचा प्रश्न निवडला. बाल्सा लाकूड आणि गोंद एवढ्याच गोष्टींपासून आठ इंचांहून जरा उंच सांगाडा करायचा. वजन वीस ग्रॅमच्या आत. त्यावर व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्या चढवत जायचं, तो मोडेपर्यंत. चांगले सांगाडे शेकडो पौंड पेलतात. हे सगळं चालू असताना नाटुकलंही करायचं असतं.

या वहीत मुलांची नावं लिहायची नाहीत असा माझा नियम आहे. म्हणून टोपणनावं. नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेला तो वकील. खर्चाचा कागद सांभाळणारी हिशेबनीस. संवाद लिहिणारी नाटकवाली. एकटाच चौथीतला, तो शेपूट. आणि एक मुलगी कोणाशी फारशी बोलत नाही, पण पहिल्याच दिवशी तिने बाल्साची काडी बोटांत धरून हलकेच वाकवली, मग दुसरी वाकवली आणि दोन्ही वेगवेगळ्या ठेवल्या. ती सुतारीण.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मुलांना बाहेरच्या मदतीचा नियम वाचून दाखवला. सगळ्या कार्यक्रमाचा कणा तोच आहे. उत्तरातली प्रत्येक कल्पना टीमची, प्रत्येक काप टीमचा, प्रत्येक टाका टीमचा. पात्राच्या तोंडाला रंग फासायचा तर तोही टीममधल्याच कोणीतरी. शेवटी सगळ्यांनी मिळून तसा कागद भरून द्यायचा असतो, आणि मदत झाली असेल तर गुण कापले जातात.

कोचने काय करायचं? वेळ पाळायची, सामानाच्या दुकानात न्यायचं, भांडण हातघाईवर आलं तर थांबवायचं. करवत कशी धरतात हे शिकवलेलं चालतं, पण करवतीने काय कापावं हे सांगितलेलं चालत नाही.

वकिलाने लगेच हात वर केला. “मग तुम्ही इथे कशाला?”

प्रश्न वाजवी होता. मी म्हटलं, वर्ष संपेपर्यंत तूच शोधून काढ. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

नाशिकहून भाचीचा फोन. मानसशास्त्रात एम. ए. झाली, बी. एड. चालू आहे. “मावशी, तू करतेस तसलं काम मला करायचंय. त्याचं नक्की काय शिकतात?”

इथलं सांगितलं ते असं. आधी साध्या शिक्षकाचा परवाना आणि काही वर्षं साध्या वर्गात. मग प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यास. कनेटिकट विद्यापीठ त्यासाठी नावाजलेलं. तिथल्या जोसेफ रेन्झुलींनी १९७८ साली तीन वर्तुळांची मांडणी केली: सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता, आणि हातातल्या कामाला चिकटून राहण्याची ताकद. तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे प्रज्ञावान वागणं दिसतं. पगार इतर शिक्षकांच्याच श्रेणीचा. संघराज्याचा कायदा अपंग मुलांच्या शिक्षणाला आहे, या मुलांच्या शिक्षणाला नाही. १९८८चा जॅव्हिट्स कायदा थोडा पैसा देतो, कोणावर सक्ती करत नाही. न्यू जर्सीसारख्या राज्यांनी स्वतः सक्ती केली आहे, आणि इथे २०२०मध्ये कायदा आणखी कडक झाला. तरीही पैशाची ओढाताण सुरू झाली की आधी आमच्या पदांकडे नजर जाते. आणि कोच म्हणशील तर तो बहुतेक ठिकाणी कोणाचा तरी आई-बाप असतो, बिनपगारी.

“म्हणजे पोट भरत नाही.”

“शिक्षकाचं भरतं. कोचचं भरत नाही.”

मग तिच्याकडचं बोललो. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली आणि १९६९मध्ये प्रशाला सुरू झाली. तिथे गिल्फर्डच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर कितीतरी वर्षं काम झालंय. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाडची मुलं घडतात. आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की बी. एड.मध्ये प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचं विशेषीकरण ठेवता येईल. ती म्हणाली, “धोरणात आहे, माझ्या कॉलेजात नाही.” मी म्हटलं, मग तू शनिवारी पोरं गोळा कर आणि बघ. तिने “बघते” म्हणून विषय बदलला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

शिक्षक संघटनेचं अधिवेशन, त्यामुळे राज्यभर शाळांना सुट्टी. टीमला घरी तळघरात बोलावलं. शेपटाला सोडायला त्याचे बाबा आले ते जायला तयार होईनात. मूळचे सांगलीचे, इथे पुलांच्या कंपनीत.

“ताई, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे हो. आयुष्य यात गेलंय. दोन मिनिटं बोलतो फक्त.”

“तेच तर. तुम्ही दोन मिनिटांत सांगाल, आणि त्यांना मार्चपर्यंत काही काम उरणार नाही.”

“पण चुकीचं करतायत ते!”

करतच होते. जिन्यातून दिसत होतं. त्यांना वर स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला. चहा घेताना ते शिष्यवृत्तीच्या जादा तासांबद्दल बोलत राहिले. सरांनी घरी बोलावून, एक पैसा न घेता, दिवाळीच्या सुट्टीतही शिकवलं, म्हणून ते इथवर आले. मीही त्याच वाटेने आले. आमच्यासाठी मदत आणि माया एकच. सर खडूने फळ्यावर गणित सोडवून दाखवायचे, आम्ही तशीच पन्नास सोडवायचो, आणि चौथीच्या यादीत नाव लागलं की गावभर पेढे. त्या तासांचं ऋण मी नाकारणार नाही. पण कोणीच आधी न सोडवलेलं गणित आमच्यापुढे कधी आलं नाही, हेही खरं.

प्रत्येक टीमला आपल्यातर्फे एक पंच द्यावा लागतो. आमचा पंच अजून ठरला नव्हता. मी विचारलं, “तुम्ही व्हाल?” पंचाला आपल्या मुलाच्या टीमचं काम तपासता येत नाही, दुसऱ्याच प्रश्नाकडे बसवतात, आणि त्याआधी प्रशिक्षण असतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि हो म्हणाले. बांधकामाचा विषय तेवढ्यापुरता बंद झाला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला सांगाडा चिरडला. चार सरळ उंच खांब, वर-खाली चौकट. दोन चकत्यांतच खांब मधोमध बाहेर फुगले आणि काड्या खोलीभर उडाल्या. नाटकवाली आनंदाने ओरडली. हिशेबनीस काड्या वेचत किंमत मोजत बसली.

हे का झालं ते मला माहीत आहे. लिओनार्ड ऑयलरने १७४४मध्येच ते मांडलं. सडपातळ खांब चिरडण्याआधी वाकून जातो, आणि किती भाराला वाकेल ते लांबीच्या वर्गावर ठरतं. आधाराविना मोकळी लांबी निम्मी केली की खांब चौपट भार घेतो. मध्ये एक आडवी काडी, बस. वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं.

अडचण पुढची आहे. सकाळच्या पाचवीच्या वर्गाला डिसेंबरमध्ये मी दरवर्षी खांब शिकवते: कागदाच्या नळ्या, त्यांची उंची, वर ठेवायची पुस्तकं. त्या वर्गात टीममधले दोघं बसतात. धडा नेहमीचाच, पण तो या वर्षी या वेळी शिकवला तर मी मागच्या दाराने उत्तर दिल्यासारखं होईल. मुख्याध्यापकांशी बोलले. ते म्हणाले, तुमचा अभ्यासक्रम, तुम्ही ठरवा. खांब एप्रिलला ढकलले. डिसेंबरमध्ये संकेतलिपी घेणार.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तीन आठवडे खांब जाड करण्यात गेले. जाड खांबांनी वजनाची मर्यादा ओलांडली, मग ते तासून बारीक केले, की पुन्हा फुगणं सुरू. वकील आणि नाटकवाली यांच्यात अबोला. एकाला सांगाडा बुटका करायचाय, नियमात बसत नाही. दुसरीला प्रश्नच बदलायचाय.

आज सुतारणीने काय केलं, तर मोडलेल्या सांगाड्यांचे खांब शोधून एका रांगेत ठेवले. सगळे जवळजवळ मध्यावर मोडलेले. बराच वेळ ती बघत बसली. मग एक नवी काडी टेबलावर उभी धरून वरून बोटाने दाबली. फुगली. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ती मधोमध नुसती धरली, जोर न लावता, आणि पुन्हा दाबली. फुगली नाही. तिने शेपटाला दाबायला सांगितलं. तरी नाही.

“इथे कोणीतरी धरायला पाहिजे,” एवढंच ती म्हणाली.

बाकीचे धावले. कोण धरणार, कशाने धरणार, आडवी काडी की तिरपी, एकीचं वजन किती. अबोला विसरला गेला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, पाच मिनिटं उरली. दुपारभरात माझं तेवढंच बोलणं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ शाळेत नेता आला नाही. २०२३पासून तीळ इथे मुख्य अ‍ॅलर्जीच्या नऊ पदार्थांत आहे, आणि आमच्या एका वर्गात तशी मुलगीही आहे. गोड बोला एवढंच शिकवलं. त्यावर वकिलाने विचारलं, त्याला पुरावा काय.

सांगाडा आता बरंच पेलतो. कुठे किती आडव्या काड्या यावर रोज नवे वाद. मला या दिवसांत माझ्याच प्रश्नांवर पहारा ठेवावा लागतो. ‘इथे तिरपी काडी लावली तर?’ हा प्रश्न नुसता नावाचा, त्याच्या पोटात उत्तर आहे. ‘आधी कुठे मोडला?’ हाही थोडा ढकलणाराच. निर्धोक प्रश्न फार थोडे सापडलेत: काल काय ठरलं होतं? हे सगळ्यांना मान्य आहे का? नियमात कुठे लिहिलंय? पुढच्या वेळी काय करून बघायचं? तेवढ्यांवरच मी महिने काढते. वकिलाने ते पाठ केलेत आणि माझ्या आवाजात म्हणून दाखवतो.

आयत्या वेळच्या प्रश्नांचा सरावही चालू आहे. एक मिनिट विचार, दोन मिनिटं उत्तरं. आज दिलं: ‘मोडक्या छत्रीचे उपयोग सांगा.’ पहिली चार उत्तरं कोणालाही सुचतील अशी, त्यांना कमी गुण. मग शेपूट म्हणाला, “पावसाला घाबरवायला शेतात उभी करायची.” सगळे थांबले. असं उत्तर शिकवता येत नाही, पण पहिली चार बोलून संपवायची सवय लावता येते. माझ्या सकाळच्या वर्गातल्या दोघांना हेच जड जातं. त्यांना पहिलंच उत्तर बरोबर यायची सवय आहे, त्यामुळे साधं उत्तर तोंडातून काढायला ते लाजतात आणि गप्प बसतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पुढच्या वर्षीच्या निवडीची पालकसभा. ‘कॉगॅट’ चाचणीत तीन भाग: शाब्दिक, संख्यात्मक, आकृत्यांचा. सभा संपल्यावर दोन माता सरावाच्या पुस्तकांची नावं विचारायला आल्या, त्यातली एक मराठी. बाजारात ती मिळतात, आणि मूल तिसरीत जायच्या आत ती सोडवून घेणारी घरं आहेत. आमच्या वेळी शिष्यवृत्तीची गाइडं होती, इथे ही. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात तर २०२१मध्ये मावळत्या महापौरांनी हे वर्गच टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी नव्या महापौरांनी ते वाढवले. चार वर्षांच्या मुलांची चाचणी हा त्यातला कळीचा वाद होता.

घरी येऊन कपाटातलं टर्मनचं प्रकरण काढलं. स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने १९२१ साली कॅलिफोर्नियातल्या शाळांत बुद्ध्यंक मोजून हुशार मुलं वेचायला सुरुवात केली आणि त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. चाळणीत जी बसली नाहीत त्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८मध्ये. वेचलेल्यांतल्या एकालाही मिळालं नाही. ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते, भाषणांत ती सांगतातही. मग यादी करताना आम्ही पुन्हा आकडाच बघतो, कारण आकडा पालकांना दाखवता येतो.

सुतारीण यादीत नाही. तिचे शाब्दिक गुण खाली आहेत. घरी स्पॅनिश बोलतात, शाळेत ती फारशी बोलत नाही.

८ मार्च, शनिवार

प्रादेशिक स्पर्धा. पहाटे निघालो. सांगाडा शेपटाच्या मांडीवर, कापसात.

बांधकामाच्या मुलांना आठ मिनिटांत नाटक करत करत लोखंड चढवायचं असतं. पंचेचाळीस पौंडांची चकती दोघांनी मिळून उचलायची, मधल्या दांड्यावरून अलगद खाली सोडायची, थांबायचं, मग पुढची. नाटकवाली राणी झाली होती आणि प्रत्येक चकतीला कर भरायला लावत होती. दोनशे पौंडांच्या जरा अलीकडे एक गोंदाचा सांधा सुटला. खांब शाबूत. सुतारणीने खाली वाकून तुकडे पाहिले आणि वकिलाला म्हणाली, “खांब नाही गेला.” तिच्या तोंडून इतरांदेखत ऐकलेलं ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं वाक्य.

आयत्या वेळच्या प्रश्नाच्या खोलीत मुलं एकटी गेली. बाहेर आली तेव्हा तोंडं घट्ट मिटलेली. जागतिक फेरी मे महिन्यात होईपर्यंत आत काय विचारलं ते कोणाला सांगायचं नसतं. आईलाही नाही, कोचलाही नाही. शेपूट गाडीत झोपेपर्यंत तोंडावर हात धरून बसला होता.

क्रमांक मधला आला, पुढची फेरी नाही. मुलं पंधरा मिनिटं खट्टू होती, मग दुसऱ्या टीमशी बिल्ल्यांची अदलाबदल करायला पळाली.

परतीच्या वाटेवर इंजिनिअर बाबा पुढे बसले होते. त्यांनी दिवसभर वाहनांच्या प्रश्नाला पंच म्हणून काम केलं. “एका टीमची गाडी पहिल्याच मीटरला बंद पडली,” ते म्हणाले. “मला कारण दिसत होतं. पंचाने बोलायचं नसतं. त्या पोरांनी मग आपसांत ठरवून ती ढकलली, आणि ढकलण्याचंच नाटक केलं. मी असतो तर दुरुस्त करत बसलो असतो.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “अशा फसलेल्या पण धाडसी कल्पनेला वेगळं बक्षीस असतं म्हणे?” असतं. रनात्रा फुस्का त्याचं नाव, एका पाणकिड्यावरून ठेवलेलं. स्पर्धेत पहिला येण्याहून त्याचा मान जास्त मानणारे कोच मला माहीत आहेत.

२७ मार्च, गुरुवार

शाळा-मंडळाच्या अंदाजपत्रकाचा मसुदा आला. आमच्या विभागात या कामाच्या दोन शिक्षिका आहेत. दुसरी या वर्षी निवृत्त होतेय आणि तिची जागा भरणार नाहीत. तिच्या दोन शाळा माझ्याकडे. म्हणजे चार शाळा, पेटी तीच. कायदा सेवा द्या म्हणतो, किती माणसांनी द्यायची ते सांगत नाही.

संध्याकाळी भाचीचा संदेश: ‘नवीन काय?’ तिला हेही कळवलं. या धंद्यात यायचं तर हे माहीत असलेलं बरं.

२४ एप्रिल, गुरुवार

अखेर खांबांचा धडा घेतला. मुलांनी कागदाच्या नळ्या केल्या, पुस्तकं रचली. ऑयलरचं नाव फळ्यावर लिहिण्याआधीच टीममधल्या दोघांपैकी एक म्हणाला, “मध्ये धरलं की झालं. आमच्या टीममधल्या मुलीने शोधलंय.” मी विचारलं, निम्म्या लांबीला किती पट? त्याने दुप्पट सांगितलं. मोजलं तर तिपटीहून जास्त. मग चौपटीला किती कमी आणि का, यावर तास रंगला. धडा डिसेंबरमध्ये घेतला असता तर नियम ऐकून त्यांनी वहीत उतरवला असता. आज ते त्याच्याशी भांडत होते, कारण या नियमाने त्यांचे किती सांगाडे मोडले ते त्यांना ठाऊक होतं.

शाळा सुटल्यावर निवड-समिती. कायद्याने निवड एकाच चाचणीवर करायची नाही, अनेक साधनं वापरायची. मी सुतारणीचं नाव मांडलं. स्पर्धेचा निकाल सोबत जोडला नाही. तिच्या वहीची पानं जोडली: मोडलेल्या खांबांची चित्रं, प्रत्येकावर मोडल्याच्या जागी फुली, शेवटी मधली काडी. गणिताच्या शिक्षिकेने ती पानं दोनदा उलटली. “हे तिने एकटीने केलं कशावरून?” एकाने विचारलं. बाहेरच्या मदतीचा कागद माझ्याकडे होता, तो पुढे ठेवला. शाळेतल्या कुठल्याच गृहपाठाला असला कागद मिळत नाही.

सहावीत ती माध्यमिक शाळेत जाईल. तिची पानं आणि शिफारस तिकडच्या शिक्षकांकडे जाणार, गणिताच्या वरच्या गटासाठी. पुढच्या वर्षीपासून असं काम सगळ्यांसाठी कसं तपासायचं त्याचा तक्ता करून द्या, असं मला सांगितलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तक्ता.

१ जून, रविवार

भाचीने खरंच पोरं गोळा केली. एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्यावर सराव-पाठाच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिला शनिवार दिला होता. प्रश्न तिनेच रचला: रद्दीच्या कागदाचा पूल, दोन बाकांमधलं अंतर ठरलेलं, वर विटा. आता शाळा पुन्हा उघडली की वर्षभर चालवायचंय. तिने विचारलं, तुझ्या अनुभवाची चार वाक्यं लिहून पाठव.

पाठवलं ते असं:

‘नोकरी शिक्षकाचीच धर. हे काम तिच्या आत किंवा तिच्या बाजूला बसतं, त्याच्यावर एकट्यावर संसार उभा राहत नाही. चाचण्या वाचायला नीट शिक, तुझं मानसशास्त्र तिथे कामी येईल. पण मुलं मोकळ्या दाराने घे. तुझी सगळी हुशारी प्रश्न निवडण्यात खर्च कर. उत्तर तुला आधीच ठाऊक असलेला प्रश्नही चालतो, पण तो मुलांच्या हातात तुझ्या मदतीवाचून मोडला पाहिजे आणि त्यांच्याच हातून पुन्हा उभा राहिला पाहिजे. एकदा प्रश्न दिला की गोंदाला हात लावायचा नाही. मोडलेलं काही फेकू देऊ नकोस. वही ठेवायला लाव. निवड-समितीत तुझ्या बाजूने बोलणारं तेवढंच असेल.’

तिने उलट विचारलं, “आणि पालकांचं काय करू? पहिल्याच शनिवारी तिघे आत आले. एकजण विटा रचायला लागला.”

शेपटाच्या बाबांनी पुढच्या वर्षी आमच्याकडे पालकांना खोलीबाहेर थोपवायचं काम आपणहून मागून घेतलंय. तसा माणूस तिला सापडेपर्यंत एक उपाय सांगितला: चहा ठेव, आणि तो वरच्या मजल्यावर ठेव. तळमजल्यावर खिडकीतून दिसतं.